दाढेचा कौल

आमच्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या कपाटात प्लॅस्टरचा एक जबडा होता. दातांचा धडा आला की मी तो टेबलावर ठेवायचो आणि कीड कुठून शिरते, मुळापर्यंत कशी पोचते, तिथे पू कसा साठतो हे साग्रसंगीत सांगायचो. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. दात दुखायच्या आधी डॉक्टरकडे जातो तो शहाणा, दुखल्यावर जातो तो साधा माणूस आणि दुखूनही जात नाही तो गाढव. मुलं हसायची. एकतीस वर्षं मी हे वाक्य म्हटलं आणि निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी त्यातला तिसरा झालो.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. माझ्या बाबतीत तेही पुरतं खरं नाही. पाषाण कोरडा तरी असतो, माझ्या दाढेत पू होता.

पण हकिगत सांगायची तर दाढेपासून सुरुवात करून चालणार नाही, बायकोच्या डोळ्यांपासून करायला हवी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यातला उजवा जास्त पिकलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं ते आदल्या वर्षी. तेव्हा मी म्हटलं होतं, "आंब्याचं आटपू दे, मग बघू." आमच्याकडे हे वाक्य कुणालाही गप्प करतं. माझी कलमं बत्तीस, म्हणजे दातांइतकीच, पण थाट असा की जणू सगळा बाजार माझ्यावाचून अडलाय. आंबा आटपला तेव्हा पाऊस आला, मग भात, मग गणपती, मग थंडी पडली आणि कलमांना मोहोर आला. वर्ष गेलं. तिने एकदाही आठवण करून दिली नाही, कारण डोळ्याला हत्यार लागणार या विचारानेच तिचे हातपाय गार पडत. तिला नको होतं आणि मला सवड नव्हती, असं आमचं छान जमलं होतं.

ती हाताच्या अंदाजाने सगळं करायची. मासळी साफ करताना काटा बोटाला लागायचा तेव्हा तिला कळायचं. सुईत दोरा शेजारून ओवून आणायची. अंगणातून वर आली की पायरीशी डोळ्यांवर आडवा हात धरून उभी राहायची आणि म्हणायची, "बाहेर नुसतं पांढरं दिसतं हो. उजेडात तर काहीच दिसत नाही." मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हं" म्हणायचो.

या वर्षी मात्र मी मनावर घेतलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला गुरुवार ठरवून आणला आणि तिला पंधरा-वीस मिनिटांचं व्याख्यान दिलं. ऑपरेशन दहा मिनिटांचं होतं, व्याख्यान त्याच्या दुप्पट झालं. भीती ही अज्ञानातून येते, असा त्याचा सारांश. ती ऐकून म्हणाली, "बरं. पण तुम्ही बाहेर बसायचं, कुठे जायचं नाही. आणि नंतर डोळ्यात थेंब तुम्हीच घालायचे. मुंबईहून मुलाला बोलवायचं नाही." मी मोठ्या मनाने कबूल केलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांत माझी दाढ ठणकायला लागली.

डावीकडची खालची दाढ. तिच्यात फार पूर्वी सिमेंट भरलेलं होतं. ते गेल्या पावसाळ्यात आंबापोळी खाताना पोळीबरोबर निघून आलं. घरच्याच आंब्याची पोळी, त्यामुळे तक्रार करायची तर कुणाकडे? खड्डा जिभेला लागायचा, पण दुखत नव्हता, तेव्हा मी त्याला खड्डाच राहू दिला. आता माठातलं पाणी त्या खड्ड्यात गेलं की कळ कानातून मस्तकात जायची.

हे बायकोला सांगायचं नाही असं मी ठरवलं. कारण उघड होतं. ती निमित्तच शोधत होती. माझी दाढ दुखते म्हटल्यावर तिने स्वतःचं ऑपरेशन लगेच पुढे ढकललं असतं. म्हणजे मी गप्प बसलो ते तिच्या भल्यासाठी. ही झाली माझी जाहीर भूमिका. आतली गोष्ट अशी की मला दाताच्या डॉक्टरची भीती वाटते. ती खुर्ची मागे झुकायला लागली की मी दार कुठे आहे ते शोधायला लागतो. प्लॅस्टरच्या जबड्यावर मी कितीही शूर असलो तरी तो जबडा माझा नव्हता.

मग घरगुती इलाज. आमच्याकडे बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालतात. तिरफळ दाताखाली आलं की जीभ बधिर होते, म्हणून ते चोखून ताटाच्या कडेला ठेवायचं असतं. मी ते मुद्दाम दाढेत दाबून बसायला लागलो. दाढ तासभर गप्प व्हायची, जीभही व्हायची. चहा आणि गरम पाणी यांतला फरक कळेनासा झाला. फळीवरची बरणी हळूहळू रिकामी होत चालली.

एक दिवस बायको बरणीत हात घालून चाचपत म्हणाली, "तिरफळं एवढी कशी संपली?"

"उंदीर," मी म्हटलं.

"उंदीर तिरफळ खातो?"

"हल्लीचे खातात."

तिने बरणीचं झाकण लावलं. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाचं हे उत्तर होतं, हे इथे नमूद करतो.

पुढे गाल जरा फुगला तेव्हा मी नाक्यावरच्या डॉक्टरांकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. त्यांनी दाताच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं आणि मी गोळ्याही थांबवल्या. उरलेल्या गोळ्या दाढीच्या डब्यात ठेवल्या, पुन्हा कधी लागल्या तर असाव्यात म्हणून. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला तर उरलेले जंतू शेफारतात, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारत असे. जंतूंनी ते वाचलं असावं. पाचव्या दिवशी ते दुपटीने परत आले.

आता गाल लपवायला हवा होता, आणि इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. माझी चहाची खुर्ची पडवीत, खिडकीशी असते. मी ती उचलून स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला नेली, जिथे दिवसाही अंधार असतो. पडवीत उकडतं असं कारण सांगितलं. हिशेब सोपा होता. बायकोला धड दिसत नाही, त्यात अंधार असला म्हणजे अजिबात दिसणार नाही. तिच्या मोतीबिंदूचा मी पडद्यासारखा वापर केला. आणि तिथे बसून, सुजलेला गाल भिंतीकडे करून, मी तिला रोज सांगत होतो की घाबरण्यासारखं काही नसतं.

तिच्या ऑपरेशनच्या आदल्या मंगळवारी सकाळी आरशात पाहिलं तर डावा गाल दगडासारखा टणक झालेला, ओठ वाकडा, अंगात ताप. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. रात्रभर मी तो गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मला अक्षरशः कळला. दोनच दिवस काढायचे होते. गुरुवार पार पडला की शुक्रवारी जाऊ, असं मी म्हणत होतो. पण ताप वाढत होता आणि मनात धाकधूक होती की गुरुवारी मी स्वतःच आडवा झालो तर तिला नेणार कोण? कुणीतरी मोठ्या अधिकाराच्या माणसाने "शुक्रवारी गेलास तरी चालेल" असं सांगायला हवं होतं. डॉक्टर ते सांगणार नव्हता. म्हणून मी देवळात गेलो.

गावात अडलेल्या गोष्टीचा कौल लावतात. गुरव ओल्या कळ्या देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. मी वर्गात याला गुरुत्वाकर्षण म्हणत असे. जी कळी जास्त ओली ती जड, जी जड ती आधी पडते, एवढाच चमत्कार. हे मी एकदा गुरवाच्या तोंडावर म्हटलं होतं. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो, त्यामुळे त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

आंब्याची पेटी देवापुढे ठेवायच्या निमित्ताने मी गेलो. डोक्याला पंचा गुंडाळून त्याचं टोक गालावर घेतलं होतं. गुरवाने मला नीट पाहून घेतलं.

"काय वो मास्तर, गालात फणस ठेवलाय काय?"

मी जवळ जाऊन कसंबसं पुटपुटलो, की कौल लाव, शुक्रवारी डॉक्टरकडे गेलो तर चालेल का विचार.

"कौल? तुमी?" त्याने देवाकडे पाहिलं, जणू साक्षीला. "बरा. पण इचारनार मी. तुमचा आजचा बोलना देवाला पन कळायचा नाय."

त्याने कळ्या पाण्यात बुडवल्या, देवाच्या दोन्ही खांद्यांशी चिकटवल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू दाढेन बेजार झालाय. त्याला आज डागदराकडं न्यायचा आसंल तर उजवा दे. उद्या सकाळच्याला न्यायचा आसंल तर डावा दे."

शुक्रवार त्यात कुठेच नव्हता. मी "उं, उं" करून हरकत घेतली.

"मधी बोलू नका. देवाचा काम चाललाय."

उजवी कळी पडली. ती जास्त ओली होती का, हे मी पाहिलं नव्हतं, आणि वाद घालायला तोंड उघडत नव्हतं. गुरवाने गाभाऱ्याला कुलूप लावलं, मला अंगारा लावला आणि स्कूटर सुरू केली. भाट्याच्या पुलावरून शहरात जाईपर्यंत रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या दाढेने मोजला.

दवाखान्यात काउंटरवरची मुलगी मला पाहून म्हणाली, "या सर. साडेदहाची वेळ आहे ना? तुमच्या घरून काल फोन आला होता."

मी गुरवाकडे वळलो. तो भिंतीवरचं ब्रश करण्याच्या पद्धतीचं चित्र अगदी मन लावून बघत होता.

"वहिनी काल सांजच्याला देवळात आलेल्या," तो चित्राकडेच बघत म्हणाला. "बोलल्या, डागदर सोडून सगळी दारा ठोठावून झाली की ते हितं येतील. आले की शहरात घिऊन जा."

"आणि डावी पडली असती तर?" हे मी कसं उच्चारलं ते माझं मला माहीत.

"तर परत लावला आसता. देवाला कसली घाय?"

दाताची डॉक्टर तिशीतली मुलगी होती. माझी विद्यार्थिनी नव्हती, तेवढी एक कृपा. खुर्ची मागे झुकायला लागली तसा मी गुरवाचा हात पकडला आणि तो पुढची वीस मिनिटं सोडला नाही. तोंड जेवढं उघडत होतं तेवढ्यातून तिने आत बघितलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?" मी दोन बोटं दाखवली. "दोन दिवस?" मी नकारार्थी मान हलवली. "दोन आठवडे?" मी डोळे मिटले.

"एवढा पू असला की भूल पूर्ण लागत नाही, थोडं दुखेल," ती म्हणाली. थोडं हा शब्द डॉक्टर लोक कोणत्या अर्थाने वापरतात ते मला तेव्हा कळलं. तिने हिरडीला छेद दिला. जे बाहेर आलं त्याची चव सांगत नाही, वाचणाऱ्याने माझं काही वाईट केलेलं नाही. पण पुढच्याच क्षणी गालातला तो ठणका, जो पंधरा दिवस माझ्याबरोबर उठत-बसत होता, उतरला. मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही, दुखायचं थांबलं म्हणून.

मग तिने मला ऐकवलं. बाहेरून शेकायचं नव्हतं. गोळ्या मधेच सोडायच्या नव्हत्या. सूज गळ्याकडे उतरली असती तर इस्पितळात दाखल करावं लागलं असतं, श्वासाचंही अवघड झालं असतं. आता गोळ्या पूर्ण घ्यायच्या, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि आठवड्याने दाढ काढायची. ती बोलत होती आणि मला प्लॅस्टरचा जबडा आठवत होता. तिने सांगितलेलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं.

घरी आलो तेव्हा बायको पायरीवर डोळ्यांवर हात धरून उभी होती. "झालं?" तिने विचारलं. मी मान हलवली, मग तिला दिसलं नसेल म्हणून "हं" म्हटलं. ती म्हणाली, "गुरुवारचं मी रद्द केलंय. तुम्ही असे, मला सांभाळणार कोण? आता जूनमधली तारीख दिलीय." तोंडात कापूस होता म्हणून मला काही बोलावं लागलं नाही.

पुढचे काही दिवस मी पेजेवर होतो. गोळ्या तिने स्वतःच्या ताब्यात घेतल्या. गोल सकाळची, लांबट दोन्ही वेळची, असं बोटांनी ओळखून ती माझ्या तळहातावर ठेवायची आणि गिळल्याचा आवाज येईपर्यंत उभी राहायची. दाढीच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्याही तिने बरोबर शोधून काढल्या आणि फेकून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला पडवीत बसवलं, बाहेर लख्ख ऊन. ती टोपातून वाडग्यात पेज ओतायला लागली आणि सगळी पेज वाडग्याच्या बाजूला, माझ्या लुंगीवर. कोमट होती, भाजलं नाही. तिला कळलंच नाही. ती टोप तसाच वाकडा धरून ओतत होती आणि विचारत होती, "पुरे का?" मी हसायला गेलो, पण हसू आलं नाही. ही बाई एक वर्ष अशी वावरत होती. अजून महिनाभर तिला असंच वावरायचं होतं. आधी माझ्या आंब्यांमुळे आणि आता माझ्या भेकडपणामुळे. "पुरे," मी म्हटलं आणि रिकामा वाडगा तोंडाला लावला.

दाढ आठवड्याने निघाली. तेव्हाही गुरव बरोबर होता, कौल मात्र लावला नाही. डॉक्टरने दाढ मला कागदात बांधून दिली. मी ती पोफळीच्या बुंध्याशी पुरून टाकली.

जूनमध्ये बायको ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी आत गेली, मागे वळून न बघता. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. एका नर्सने येऊन विचारलं, "काका, तुम्हाला पाणी देऊ का?" म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल. काम खरोखरच दहा मिनिटांत झालं. बाकी माझ्या व्याख्यानातलं काहीच तिच्या उपयोगी पडलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर तिने फ्रिजच्या आडोशाची माझी खुर्ची स्वतः उचलून पडवीत आणली, खिडकीशी ठेवली आणि मला बसवलं. मग समोर उभी राहून बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"गाल बसला थोडा," ती म्हणाली. "पण सूज पूर्ण गेली."

"तुला सूज होती हे कधी कळलं? तिरफळांमुळे ना?"

"तिरफळांनी नुसता संशय आला. सूज मग दिसली, चहाचा कप घ्यायला वळायचात तेव्हा."

"दिसली? मी तर अंधारात बसायचो."

"अंधारातच तर तुम्ही मला नीट दिसायचात. उजेडात सगळं पांढरं व्हायचं. कितीदा सांगितलं तुम्हाला."

सांगितलं होतं. पायरीवर उभं राहून, वर्षभर. अंधारात बाहुली मोठी होते, ही आकृती मी फळ्यावर निळ्या खडूने काढत असे. तेव्हा मोतीबिंदूच्या कडेनेही उजेड आत जाऊ शकतो, एवढं त्या आकृतीवरून मला सुचायला हवं होतं. घरभर फिरून मी नेमकी तीच जागा निवडली होती जिथून मी तिला सगळ्यात स्वच्छ दिसत होतो, भिंतीकडे गाल करून, घाबरू नको असं सांगताना.

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला भीती वाटते हे तुम्ही सांगितलंत, तर मला वाटते तेही सांगता येईल. तुमच्या भाषणानंतर कुठल्या तोंडाने सांगणार? शेवटी देवळात जाऊन गुरवभावोजींना सांगितलं."

थेंबांची वेळ झाली होती. मी हात धुतले, तिची मान मागे झुकवली आणि बाटली तिच्या डोळ्यावर धरली. डोळा लाल होता, उघडा होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता. बाटली दाबायचं माझ्याने होईना.

"भीती वाटते?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मलाही," ती म्हणाली. "घाला आता."